जितकी नवी गोष्ट, तितका जुना राजा

चीनच्या महापुराची गोष्ट तिकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पूर आवरण्याचे काम आधी गुनकडे आले. त्याने देवाची आपोआप वाढणारी माती चोरली, बांध घातले. पाणी हटले नाही आणि त्याचा जीव गेला. मग त्याचा मुलगा यू पुढे आला. त्याने पाणी अडवले नाही. डोंगर फोडले, नद्यांच्या वाटा मोकळ्या केल्या आणि पूर समुद्राला नेऊन मिळवला. त्याबद्दल त्याला राज्य मिळाले आणि त्याच्यापासून शिया हे चीनचे पहिले राजघराणे सुरू झाले, असे परंपरा सांगते.

यू होता की नव्हता, यापेक्षा त्याची गोष्ट कोणी, कधी आणि कशासाठी वाढवली हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. बीजिंगच्या पॉली संग्रहालयात सुमारे इ.स.पू. नवव्या शतकातले एक काशाचे भांडे आहे. त्याच्या आत 98 अक्षरांचा लेख आहे. स्वर्गाने यूला जमीन पसरायला, डोंगर छेदायला आणि नद्या मोकळ्या करायला सांगितले, अशी त्याची सुरुवात आहे. पुढचा बहुतेक मजकूर सदाचरणाचा. त्यात गुन नाही, शिया घराणेही नाही. इ.स.पू. चौथ्या शतकात तत्त्वज्ञ मेन्शियस सांगतो की यू आठ वर्षे घराबाहेर होता आणि तीनदा स्वतःच्या दारावरून जाऊनही आत शिरला नाही. इ.स.पू. 100 च्या सुमारास इतिहासकार सिमा च्यान लिहितो तेव्हा त्या आठ वर्षांची तेरा झालेली असतात. देवाचा हुकूम पाळणारा यू एव्हाना घरदार विसरून राबणारा आदर्श अधिकारी झाला होता. नोकरशाहीवर चालणाऱ्या साम्राज्याला असाच पूर्वज हवा होता.

हा वाढीचा नियम नेमका पकडला तो गू जिएगांग या तरुण अभ्यासकाने, 1923 मध्ये. बीजिंगमध्ये शिकताना त्यांना नाटकांचे वेड लागले होते. एकच कथानक दर नाटकात वेगळे होते, पात्रे वाढतात, स्वभाव बदलतात, हे त्यांनी प्रेक्षागृहात पाहिले आणि तीच नजर प्राचीन ग्रंथांकडे वळवली. हाती आलेले चित्र चमत्कारिक होते. जुन्यात जुन्या काव्यात सर्वांत प्राचीन पुरुष म्हणजे यू. कन्फ्यूशियसच्या काळी त्याच्याही आधीचे याओ आणि शुन हे राजे अवतरतात. त्यानंतरच्या शतकांत त्यांच्याही मागे पीत सम्राट जाऊन बसतो. आणि विश्वाचा आरंभ करणारा पानगू? तो लेखी आढळतो थेट इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात. म्हणजे गोष्ट जितकी उशिरा रचलेली, तितका तिचा नायक अधिक प्राचीन. गूंनी याला लाकडाच्या ढिगाची उपमा दिली: मागाहून आलेले लाकूड वर बसते.

चिनी राष्ट्र एका पीत सम्राटाचे वंशज, या भावनेवर उभ्या राहू पाहणाऱ्या सरकारला हे मानवणारे नव्हते. गूंच्या शालेय इतिहासाच्या पुस्तकावर 1929 मध्ये बंदी आली. आदिसम्राटांवर शंका घेतली तर देशाची एकी ढिली होईल, असे कारण होते. पुराणपुरुषांबद्दलची शंका आणि देशद्रोह यांत गल्लत करणे हा काही एकट्या चीनचा दोष नव्हे.

टोमणे दुसऱ्या बाजूनेही आले. यूच्या नावाच्या अक्षराच्या मूळ अर्थावरून गूंनी सुरुवातीला असा तर्क केला होता की यू हा एखादा सरपटणारा प्राणी असावा. तो त्यांनी पुढे सोडून दिला. पण लेखक लू शुन यांनी तो सोडला नाही. 1935 मध्ये लिहिलेल्या कथेत त्यांनी पुरात अडकलेले विद्वान रंगवले. आकाशातून येणारे अन्न खात ते बसलेत आणि त्यातला एक यू म्हणजे किडा असल्याचे सिद्ध करतोय. त्या कथेतला यू मात्र काळासावळा, अनवाणी आणि तळपायांना घट्टे पडलेला. लू शुन मूळचे शाओशिंगचे. यूची समाधी तिथेच दाखवतात आणि एकसंध चीनच्या पहिल्या सम्राटाने इ.स.पू. 210 मध्ये तिथे यूची पूजा केली होती.

गोष्टीतून प्रत्यक्षात यायचे तर, पीत नदीवरच्या सान्मेनशियाच्या तीन वाटा यूनेच डोंगर फोडून काढल्या अशी दंतकथा आहे, आणि नेमके तिथेच मोठे धरण बांधायचे ठरले. गाळ अडून वेई नदीचे पात्र भरेल, असे 1957 मध्ये प्राध्यापक ह्वांग वानली सांगत राहिले. त्याच वर्षी त्यांच्यावर उजव्या विचारांचा असा शिक्का बसला. 1960 मध्ये पाणी अडवले आणि दोन वर्षांत गाळाने अशी स्थिती केली की धरण चालवण्याची पद्धतच बदलावी लागली; पुढे तळाशी वाटाही उघडाव्या लागल्या. यूच्या नावाचा जयजयकार करत देशाने गुनचे काम केले होते.

आता पुरावे शोधण्याचा काळ आहे. 2000 मध्ये सरकारी कालगणना प्रकल्पाने शियाचा आरंभ इ.स.पू. सुमारे 2070 ठरवला. 2016 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका चमूने मांडले की जिशी खिंडीत दरड कोसळून पीत नदी अडली आणि इ.स.पू. 1920 च्या सुमारास तो नैसर्गिक बांध फुटून प्रचंड पूर आला. इतर अभ्यासकांनी त्यावर लगेच आक्षेप घेतले. तो पूर खरा मानला, तरी पुरावा पुराचा आहे, यूचा नाही. चिनी पाठ्यपुस्तकांत 2070 हेच वर्ष छापले जाते. शियाचे नाव असलेला त्या काळातला एकही लेख मात्र अजून सापडलेला नाही.