दार उघडल्यानंतर



आजचं वाचन भागवताच्या दशम स्कंधातलं, अध्याय ५९, नरकासुराचा वध. आपल्याला ही गोष्ट दिवाळीच्या पहाटेपुरती आठवते. पायाखाली कारीट फोडलं, की संपला नरकासुर! पण भागवतात राक्षस मेल्यावर भगवान त्याच्या महालात आत जातात. तिथे डांबलेल्या सोळा हजारांहून अधिक राजकन्या. त्यांना ते नुसतं ‘जा, सुटलात’ म्हणत नाहीत. स्वच्छ वस्त्रं देतात, पालख्यांत बसवून द्वारकेला पाठवतात आणि स्वतः त्यांचा स्वीकार करतात. (‘इतकी लग्नं?’ म्हणून हसणाऱ्यांनी त्या काळात त्यांना घरात कोणी घेतलं असतं, ते आधी सांगावं.)

हे वाचताना मला चरीमाया तामाङ आठवतात. नेपाळच्या सिंधुपाल्चोकच्या. १६ वर्षांच्या असताना त्यांना फसवून मुंबईत आणून कुंटणखान्यात विकलं. २२ महिने तिथे काढले. १९९६ च्या छाप्यांत त्या सुटल्या, सोबत दोनशेहून जास्त नेपाळी मुली. आणि मग? त्यांना परत घ्यायला त्यांचंच सरकार लगेच तयार होईना. महिनोन्महिने त्या इथेच अडकल्या. शेवटी तिथल्या संस्थांनी त्यांना नेलं, तर गावाने तोंड फिरवलं. म्हणजे नरकासुराचं दार उघडलं, पण द्वारका कुठेच नाही!

चरीमाया गप्प बसल्या नाहीत. विकणाऱ्यांविरुद्ध त्यांनी स्वतःच्या नावाने तक्रार केली. नेपाळात असं करणाऱ्या त्या पहिल्याच. १९९७ मध्ये आठ जणांना शिक्षा झाली. आणि सुटून आलेल्या मैत्रिणींना घेऊन त्यांनी ‘शक्ती समूह’ उभा केला. ही सुटलेल्यांनीच चालवलेली संस्था आहे. परतणाऱ्या मुलींना ती निवारा देते, गावोगाव सावध करते. २०१३ ला तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

खरं सांगू? ग्रँट रोडवरून जाताना मी कित्येकदा मोबाईलमध्ये डोकं घातलंय. हातात जपमाळ असतानासुद्धा. आपल्याला राक्षसाचा राग पटकन येतो. पण अशी एक मुलगी उद्या आपल्या बिल्डिंगमध्ये भाड्याने खोली मागायला आली, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी काय बोलेन?

आज अध्याय पुढे वाचवला नाही. तिथेच थांबलोय.

राम कृष्ण हरी.