उजेड कुणाच्या चेहऱ्यावर?

फोटो खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. ओळखपत्रापासून हजच्या अर्जापर्यंत, लग्नाच्या स्थळापासून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापर्यंत फोटोला आपण गवाहाचा मान देतो. गवाहीच्या बाबतीत आपला दीन कडक आहे आणि देशाचा कायदाही. मग संगणकासमोर बसून फोटोच्या एका निवडक भागातला उजेड-अंधार कमीजास्त करणे, याला काय म्हणावे? गवाहीत केलेला फेरफार, की गवाहाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून केलेली सोय?

आधी ही क्रिया काय आहे ते पाहू. कॉन्ट्रास्ट म्हणजे उजळपणा नव्हे. कॉन्ट्रास्ट म्हणजे उजळ आणि गडद यांच्यातले अंतर. ते वाढवले की चित्र ठसठशीत होते, पण मधल्या राखी छटा एकतर काळ्यात जातात नाहीतर पांढऱ्यात. संपूर्ण फोटोला एकच माप लावले तर चेहरा सुधारतो तेव्हा आकाश पांढरेफटक होऊन जाते. म्हणून चेहऱ्यापुरता भाग निवडायचा, निवडीची कड मऊ करायची आणि तेवढ्यातच बदल करायचा. कड मऊ केली नाही तर चेहऱ्याभोवती पांढरी रेघ उमटते आणि कुणीतरी हात लावला आहे हे उघड होते.

ही युक्ती संगणकाने शोधलेली नाही. डार्करूममध्ये कागदावर प्रकाश पडत असताना फोटोग्राफर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये हलवत. जिथे तिची सावली पडे तो भाग उजळ राही. तळहातांच्या फटीतून एखाद्याच जागी जादा प्रकाश सोडला की ती जागा गडद होई. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली. त्यातील या दोन हत्यारांची चिन्हे तीच आहेत: काडीवरची चकती आणि अर्धवट मिटलेला हात. अमेरिकेचे थोर छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स निगेटिव्हला संगीताची लिपी मानत आणि छापलेल्या फोटोला तिची मैफल. म्हणजे 'हात न लावलेला फोटो' ही चीज पूर्वीही फारशी नव्हती.

आता आपल्या डहाणू-तलासरीकडचा उजेड पाहा. किनाऱ्यावरच्या वाळूवरून उसळणारे ऊन आणि चार पावलांवर चिकूच्या वाडीतली दाट सावली. शाळेचा गट-फोटो भर दुपारी काढला जातो. पांढरे शर्ट, पांढऱ्या टोप्या, पांढऱ्या ओढण्या, मागे चुन्याची भिंत. एवढे पांढरे दिसले की कॅमेरा आपोआप उजेड आवरता घेतो. भिंत छान येते आणि मुलांचे सावळे चेहरे काळे डाग होऊन बसतात. समोर उभ्या असलेल्या शिक्षकाला मात्र प्रत्येकाचे डोळे दिसत होते, कुणाचे हसू दाबलेले होते तेही दिसत होते. कारण माणसाचा डोळा जागोजागी जुळवून घेत पाहतो, तर कॅमेरा एका क्षणी एकच माप लावतो. अशा वेळी चेहऱ्यांचा भाग निवडून त्यात उजेड आणि उठाव आणणे हे खोटे कसे? ते तर कॅमेऱ्याने हिरावलेले परत करणे झाले.

आणि कॅमेऱ्याचे माप तरी निष्पक्ष असते का? कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. गोरी कातडी बरोबर आली की मशीन बरोबर, असा तो हिशेब होता. काळ्या मुलांच्या आईबापांनी शाळेच्या फोटोंबद्दल तक्रारी केल्या, पण गडद छटा नीट टिपणारी फिल्म बनवण्यास जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांनी कुरकुर केल्यावर. तराजूच वाकडा असेल तर त्यात काही न घालता तोलणे म्हणजे इन्साफ नव्हे.

याच्याही खाली आणखी एक गोष्ट आहे. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत काम केलेले विद्वान इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर'मध्ये लिहून ठेवले की एकच रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद दिसतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर उजळ. रंग तोच, शेजार बदलला की दिसणे बदलते. म्हणून निवडक भागात केलेला बदल कधीच त्या भागापुरता राहत नाही. एकाचा चेहरा उजळला की शेजारी बसलेला आपोआप काळवंडतो. त्याच्या जागेला आपण बोटही लावलेले नसते. उजेड कुणाला द्यायचा हे ठरवताना सावली कुणाच्या वाट्याला घालायची हेही ठरत असते.

हेच हत्यार उलट्या हाताने चालले की काय होते, हे १९९४च्या जूनमध्ये जगाने पाहिले. अमेरिकेत खुनाच्या आरोपाखाली अटक झालेल्या ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. 'न्यूजवीक'चा जवळजवळ जसाच्या तसा होता. 'टाइम'च्या चित्रात चेहरा अधिक काळा, कडा अधिक गडद. दोन्ही अंक दुकानांत शेजारी शेजारी लागले आणि फरक उघडा पडला. खटला सुरू होण्याआधीच सावलीने निकाल दिला होता. दाढी-टोपीवाल्या चेहऱ्यांवर अशी सावली पडलेली पाहण्याची सवय असलेल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबता येणार नाही. आपल्या घरात काय चालते? स्थळासाठी फोटो काढायला गेलेल्या मुलीला स्टुडिओत कुणी विचारत नाही. चेहरा, मान आणि हात निवडून, सावळेपणाच्या छटा सपाट करून तिला दोन पट्ट्या गोरी केली जाते. आईबापांना बरे वाटते. मग बघायला आलेली मंडळी एकदा फोटोकडे आणि एकदा मुलीकडे पाहतात. तो फरक स्टुडिओने केलेला असतो, पण कमीपणा मुलीच्या पदरात पडतो. जो रंग अल्लाहने दिला तो जणू तिचा गुन्हा. २०२० साली शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली आणि त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली'चे 'ग्लो अँड लव्हली' झाले. नावे बदलली. बायोडेटातले फोटो बदलले का, हे प्रत्येकाने आपल्या घरातला लिफाफा उघडून पाहावे.

मग सीमा कुठे? मला ती एका हदीसमध्ये दिसते. बाजारात धान्याच्या ढिगात हुजूर (स.) यांनी हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. त्यावर विचारणा झाली ती इतकीच, की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणारा आपल्यातला नाही, हे बजावले गेले. ढिगात बाहेरचा एक दाणाही मिसळलेला नव्हता. फक्त कोणता भाग दिसावा आणि कोणता दबून राहावा एवढेच निवडले होते. निवडक कॉन्ट्रास्टची तक्रार हीच आहे. फोटोत काही घातले नाही, काढले नाही, एवढ्याने माणूस सुटत नाही. 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेने २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीतले सुमारे २० टक्के फोटो मूळ फायलींशी ताडून बाद केले. त्यांतल्या पुष्कळांत काही भाग इतके काळे केले होते की तिथले तपशीलच नाहीसे झाले होते.

यावर कुणी म्हणेल, दुसऱ्याचा ऐब झाकणे हेही आपल्याला शिकवले आहे. खरे आहे. मुलाच्या फाटक्या बाहीवर थोडी सावली सारली तर तो कुणाला फसवत नाही, त्याची आब राहते. अवघड प्रश्न पुढे आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. त्यानंतर आपल्या भागातल्या आदिवासी मुलांचे फोटो छापून येत राहिले. समजा, एखाद्याने बरगड्यांचा भाग निवडून सावल्या खोल केल्या, म्हणजे वाचकाचे मन द्रवेल. भूक तर खरी आहे. मदतही मिळेल. तरीही मला ते पटत नाही. त्या फोटोत बरगड्या उरतात आणि मूल मागे पडते. आणि वाचकाला पुढच्या वेळी साधी, न रंगवलेली भूक पुरेशी वाटेनाशी होते.

याच मातीतली वारली चित्रकला या बाबतीत बोलकी आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. याहून मोठा कॉन्ट्रास्ट कोणता? पण तो सर्वांना सारखा. माणूस, बैल, ताडाचे झाड, सगळे एकाच पांढऱ्यात, सावली कुणालाच नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कलेत महत्त्व देता येत नाही असे नाही. लग्नाच्या चौकात कुणाला मध्यभागी बसवायचे ते ठरलेले असते. पण ते महत्त्व चौकटीने आणि जागेने दिलेले असते, उघड, पाहणाऱ्याला कळेल असे.

आज मोबाईल चेहरा ओळखून विचारल्यावाचून तो उजळतो. त्यामुळे हा प्रश्न आता स्टुडिओवाल्याचा राहिलेला नाही, आठवीतल्या मुलाचाही झाला आहे. त्याला 'फोटोला हात लावू नको' असे सांगण्यात अर्थ नाही. सांगायचे ते एवढेच: मूळ फोटो पुसू नकोस, आणि बदललेला फोटो इतरांना पाठवण्याआधी ज्याचा आहे त्याला दाखव. काय केलेस ते त्याच्या तोंडावर सांगता आले, तर उजेड हलाल आहे. सांगताना जीभ अडखळली, तर भिजलेले धान्य खाली आहे असे समजावे.