भुताचे भय आणि माणसाचे भय

आळंद तालुक्यातून वाहत जाणारी अमरजा गाणगापुरापाशी भीमेस मिळते. त्या संगमावर स्नानास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांस तेथील मध्यान्हीच्या आरतीची वेळ चांगली परिचित आहे. वाद्यांचा गजर सुरू होताच ‘बाधा’ झालेली माणसे, आणि त्यांत स्त्रियाच अधिक, किंचाळू लागतात, खांबांस विळखे घालतात. लहानपणी ते पाहून आम्ही आईच्या पदराआड लपलो होतो. भय त्या स्त्रीचे होते, की तिच्याविषयी ऐकलेल्या गोष्टींचे, हा प्रश्न त्या वयात सुचला नाही.

भुतांवाचून देश नाही. आपल्याकडे वेताळ, मुंजा, हडळ; पूर्व युरोपात थडग्यातून उठून रक्त पिणारी प्रेते. रात्री पांघरुणात शिरून नारायण धारपांच्या कथा वाचणाऱ्यांत आम्हीही होतो आणि त्यात आम्हांस काही गैर वाटत नाही. पुस्तक मिटले की ते भय मिटते. परंतु कथेतील भुतास शेजाऱ्याचा चेहरा लाभला म्हणजे काय होते? अमेरिकेतील सेलम येथे काही मुलींस झटके येऊ लागले आणि त्यातून चेटुकाचा आरोप ठेवून १६९२ साली १९ जणांस फाशी दिले गेले. एकास तर दगडांखाली चिरडून मारले. बीदर, कलबुर्गी आणि लगतच्या मराठवाड्यात भानामतीचे नाव निघाले की असाच शोध सुरू होतो : करणी केली कोणी? बोट बहुधा एखाद्या एकाकी विधवेकडे वळते. घरात जिचे कोणी ऐकत नाही, अशी सून अंगात आल्यावर तरी ऐकली जाते, हे मात्र कोणी ध्यानी घेत नाही.

गुरुचरित्रातील ब्रह्मराक्षसाची कथा येथे आठवते. गाणगापुरात पिंपळावर तो राहत असे, म्हणून जवळचे घर ओस पडले होते. गावाने त्याच्यापासून दूर राहणे पत्करले. श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याच्या मस्तकी हात ठेवला, त्यास संगमावर स्नानास धाडून मुक्त केले आणि स्वतः तेथेच वास केला. तेथे छडी नाही, मिरच्यांची धुरी नाही. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या व कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने अपराध ठरला आहे. कर्नाटकाचा कायदा २०२० मध्ये अमलात आला.

आमच्या गल्लीत एक वृद्धा एकटी राहत असे. ती करणी करते, असे मोठी माणसे म्हणत. तिने हाक मारून पुढे केलेला गूळ आम्ही कधी घेतला नाही. एकदा तर घेऊन गटारात टाकला, आणि तिने ते पाहिले. ती गेली तेव्हा खांदा देण्यास गल्लीतील कोणी पुढे झाले नाही. घर तेव्हापासून बंदच आहे. मुले अजूनही तेथून धावत जातात. आत भूत आहे, असे आता सांगतात.