नोटरी घरी येईल का?

"नोटरी घरी येईल का हो?" वकिलांना फोनवर नेहमी येणारा हा प्रश्न. विचारणारा बहुधा मुलगा असतो, कधी जावई, कधी पुतण्या. वडील अंथरुणाला खिळलेले असतात, डॉक्टरांनी 'बघू या' म्हटलेले असते आणि घर अजून वडिलांच्याच नावावर असते. ज्यांची सही हवी ते स्वतः फोनवर क्वचितच येतात. प्रश्नाचे उत्तर 'हो, येतो' असेच आहे. तरीही प्रश्न चुकलेला आहे. चुकीच्या माणसाने, चुकीच्या वेळी आणि बहुतेकदा चुकीच्या कागदासाठी तो विचारलेला असतो.

आधी कागदाचे पाहू. 1952 च्या कायद्याखाली नेमलेला नोटरी हा सामान्यतः किमान दहा वर्षे वकिली केलेला माणूस. समोरच्या व्यक्तीची ओळख पटवायची, तिने आपल्यासमोर सही केल्याचे प्रमाणित करायचे आणि वहीत नोंद ठेवायची, हे त्याचे काम. आपल्या कार्यक्षेत्रात तो घरी जाऊ शकतो; नोटरी नियमांत त्याच्या प्रवासभत्त्याचीही तरतूद आहे. अमेरिकेत तर 'मोबाइल नोटरी' हा वेगळा व्यवसायच आहे. रुग्णालयात, वृद्धाश्रमात, म्हणाल तिथे तो शिक्का घेऊन हजर होतो. आपल्या मोठ्या शहरांतही आता ही सेवा रुळते आहे. पण शिक्का सांगतो काय? या दिवशी या माणसाने माझ्यासमोर सही केली, एवढेच. घर त्याचेच आहे किंवा मजकूर कायद्याला धरून आहे, याची ग्वाही त्यात नसते. आपली समजूत मात्र अशी की गोल शिक्का बसला की कागद 'पक्का' झाला. ही समजूत इतकी मुरलेली आहे की विवाहाचे आणि घटस्फोटाचे दस्त नोटरींनी करू नयेत, हे केंद्रीय कायदा मंत्रालयाला 2024 मध्ये परिपत्रक काढून बजावावे लागले.

मृत्युपत्राला हा शिक्का लागतच नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 63 थोडक्यात सांगते ते असे: करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, किमान दोन साक्षीदारांनी ते करताना त्याला पाहिलेले असावे किंवा 'ही माझीच सही' असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. ठरावीक नमुना नाही, स्टँप पेपर नाही. नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे. साक्षीदारांना आतला मजकूर ठाऊक असण्याचीही गरज नाही.

कायद्याने शिक्क्याऐवजी माणसे का मागितली, हे समजून घेण्याजोगे आहे. विक्रीचा दस्त वादात सापडला तर विकणाऱ्याला न्यायालयात उभे करता येते. मृत्युपत्र उघडते तेव्हा ते करणारा नसतोच. त्याच्या वतीने 'मी पाहिले, ते शुद्धीत होते, त्यांनी स्वतःच्या हाताने सही केली' असे सांगणारे कोणीतरी जिवंत माणूस लागते. म्हणून मृत्युपत्र सिद्ध करताना, साक्षीदार हयात आणि हजर राहण्याजोगा असेल तर, किमान एकाला तरी न्यायालयात आणावेच लागते. मृत्युपत्र नोंदवलेले असले तरी यातून सुटका नाही. आणि नोटरीने नोटरी म्हणून केलेली सही म्हणजे आपोआप साक्षीदाराची सही होत नाही. शिक्क्यावर विसंबून साक्षीदारांच्या दोन ओळी रिकाम्या ठेवल्या, तर तो कागद मृत्युपत्र ठरत नाही.

आता माणसाचे आणि वेळेचे. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये एच. वेंकटाचल अय्यंगार यांच्या प्रकरणात जे तत्त्व मांडले, त्यावर आजही मृत्युपत्रांचे दावे तोलले जातात. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ते पुढे करणाऱ्याने तो संशय आधी दूर केला पाहिजे. संशयास्पद म्हणजे काय, तर सही थरथरती आहे, करणाऱ्याचे मन दुबळे झाले आहे, वाटणी अस्वाभाविक आहे आणि ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच कागद करवून घेण्यात पुढाकार घेतला आहे. सुरुवातीचा फोन पुन्हा आठवून पाहा. अंथरुणाला खिळलेले वडील, नोटरी शोधणारा मुलगा, बाजूला उभी सून, घाईघाईने टाइप केलेला मजकूर. मुलाच्या मनात काळेबेरे नसेलही. पण उद्या बहीण न्यायालयात गेली तर तिच्या वकिलाला लागणारी सगळी सामग्री त्यानेच त्या खोलीत जमवून ठेवलेली असते.

म्हणजे घरी येणारी सेवा वाईट, असे मुळीच नाही. जिना उतरता न येणारे, मुले परदेशी असलेले, एकटे राहणारे वृद्ध आज प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्यासाठी ती गरजच आहे आणि ती नवीनही नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यात, ज्यांना शारीरिक दौर्बल्यामुळे कचेरीत येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन दस्त नोंदवण्याची सोय आहे. मृत्युपत्र बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय त्याच कायद्यात आहे. पण दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, हे किती कुटुंबांना माहीत असते? खासगी शिक्क्यासाठी धावपळ होते आणि शतकाहून जुनी सरकारी सोय पुस्तकात पडून राहते.

शेजारच्या गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे वारसाहक्काचा पाया 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा. आता तो 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आला आहे. तिथला विशेष नोटरी हा सरकारी अधिकारी असतो आणि सार्वजनिक मृत्युपत्र त्याच्या वहीतच लिहिले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुले असतील तर आपल्या मालमत्तेच्या निम्म्या भागाचीच व्यवस्था मृत्युपत्राने करता येते. उरलेला निम्मा भाग कायद्याने वारसांचा. मुस्लिम कायद्यातही वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. महाराष्ट्रातल्या हिंदू माणसावर असा कोणताही लगाम नाही. स्वतःची सगळी मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही तो हव्या त्याला देऊ शकतो.

हे स्वातंत्र्य निरागस नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला. पण वडिलांच्या हिश्श्यातून तिला वगळण्याची वाट मृत्युपत्राच्या याच मोकळेपणातून जाते. एरवी हक्कसोडपत्रावर सही करून 'भावाचे घर तुटू नये' म्हणायला बहिणी आहेतच. म्हणून मृत्युपत्र कराच असा सरसकट उपदेश करणाऱ्यांनी एवढे तरी जोडावे: मुलीला वगळणार असाल तर का वगळता ते लिहा. लिहायला गेल्यावर कारण किती तकलादू आहे, हे पुष्कळांना स्वतःच उमगेल.

उलट बाजूने पाहिले तर मृत्युपत्राची सर्वांत अधिक गरज बायकांना आहे आणि त्याच ते सर्वांत कमी करतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, पती आणि मुले मागे नसलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ताही आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्या मागे. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या आणि पुढे स्वतः कमावून जगलेल्या एका स्त्रीची पुंजी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तिच्या पतीच्या भाच्यांनाच द्यावी लागली. तिच्या सहीचा आणि दोन साक्षीदारांचा एक साधा कागद असता तर निकाल वेगळा लागला असता.

"आम्ही नॉमिनी लावलाय," असे अनेकजण समाधानाने सांगतात. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्यात शेअर्सबाबतही स्पष्ट केले की नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. त्याने चार सांभाळणारे मिळाले, वारस ठरले नाहीत.

दुसरा कागद मुखत्यारपत्राचा. वडिलांकडून 'सगळे अधिकार' नोटरीसमोर लिहून घेतले की आता चिंता नाही, असे मुलांना वाटते. 1872 च्या करार कायद्याचे कलम 201 वेगळे सांगते. देणारा वारला किंवा त्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की साधे मुखत्यारपत्र संपते. म्हणजे पक्षाघाताने वडील बेशुद्ध होतात, आणि त्या कागदाची खरी गरज पडते, त्याच दिवशी तो निकामी होतो. अमेरिकेत अशा अवस्थेतही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. तिथल्या मराठी कुटुंबांना ते परिचित आहे. आपल्याकडे कोमातल्या माणसाच्या बँक खात्याला हात लावायला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. ही उणीव शिक्क्याने भरून निघणारी नाही. ती विधिमंडळाने भरायची आहे.

आणि तिसरा कागद. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत तिथेच पडून होत्या. त्यांच्या प्रकरणातल्या 2011 च्या निकालापासून सुरू झालेली वाट 2018 मध्ये 'आगाऊ वैद्यकीय निर्देशा'पर्यंत पोचली. बरे होण्याची आशा उरली नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याचा हा हक्क आहे. आधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावे लागे. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. निर्णय कोणी घ्यायचा त्या जवळच्या माणसाचे नाव त्यात असावे लागते आणि प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. नोटरीची सही जिथे खरोखर मोलाची आहे तो कागद हा. पण त्यासाठी "नोटरी घरी येईल का" असे विचारणारा फोन क्वचितच येतो.

का येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मरणाचा विषय काढला की घरात कोणीतरी 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणतेच. आयुर्विम्याचा हप्ता मात्र आपण न चुकता भरतो. तो मरणाचाच व्यवहार असतो, पण त्यात कोणाला किती हे नातेवाइकांसमोर बोलावे लागत नाही. खरी भीती मरणाची नाही, वाटणी बोलून दाखवण्याची आहे. हयातीत टाळलेले ते बोलणे मग मागे राहिलेल्यांना वकिलांमार्फत, दहा-दहा वर्षे बोलावे लागते.

तेव्हा धडधाकट असतानाच, एखाद्या रविवारी, साधा कागद घ्या. काय आहे आणि कोणाला द्यायचे ते स्वतःच्या भाषेत लिहा. आपल्याहून वयाने लहान, वाटणीत काही न मिळणारे दोन शेजारी बोलवा आणि सही होईपर्यंत मुलांना बाहेर बसू द्या. मत बदलले तर पुन्हा लिहा. कायदा शेवटचे मृत्युपत्र खरे मानतो. नोटरीला घरी बोलवायचेच असेल तर त्या तिसऱ्या कागदासाठी बोलवा. आणि फोन स्वतः करा.