उसना शोक, उसना संताप

‘त्या माणसाचं बोलणं मात्र भारी आहे हं,’ असं कुणी ‘स्लो रायट फॉर न्यू झीरो कानडा’विषयी म्हणालं की मी अस्वस्थ होतो. मॉन्ट्रियलच्या ‘गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर!’ या बँडची ही 1999ची तबकडी. रचना दोनच, मिळून जेमतेम 28 मिनिटांच्या. गायक नाही, गिटार, व्हायोलिन, चेलो, दोन ड्रमवादक. आणि लक्षात काय राहतं? दुसऱ्या रचनेतली मुलाखत! स्वतःला ब्लेझ बेली फिनेगन तिसरा म्हणवणारा एक अमेरिकी माणूस वेगात गाडी चालवल्याच्या दंडावरून न्यायाधीशाशी झालेलं भांडण सांगतो, आपली शस्त्रं मोजून दाखवतो, स्वतःची म्हणून एक कविता ऐकवतो.

मजकूर ऐकणं वेगळं आणि नाद ऐकणं वेगळं, हे मी धरून बसलो आहे. ख्यालात बंदिशीचे चार शब्द आलापीत विरघळतात, तिथे आपण अर्थ मागत नाही. तरी विलायत खाँसाहेबांच्या सतारीला दाद देतो ती ‘गाते’ म्हणूनच. वाद्याचं कौतुकही गळ्याच्या मापानं!

पहिली रचना ‘मोया’ पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्कीच्या तिसऱ्या सिंफनीवर बेतलेली आहे. 1976च्या त्या सिंफनीत सोप्रानो गायिका आहे. दुसऱ्या भागातले शब्द तर झाकोपानेतल्या गेस्टापोच्या कोठडीत 18 वर्षांच्या मुलीनं भिंतीवर लिहिलेले. बँडनं गायिका काढली, शब्दही काढले. शोक तेवढा ठेवला. मग दुसऱ्या रचनेत ही बडबड कशाला, असं मला वाटायचं.

माझा एक मित्र याहून पुढे जातो. ती कविता बरीचशी आयर्न मेडन या बँडच्या 1996च्या ‘व्हायरस’ गाण्यातून उचललेली, आणि तेव्हाचा त्यांचा गायक ब्लेझ बेली! म्हणजे नावही उचललेलं. ‘सगळंच बोगस,’ मित्र म्हणतो. इथे मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. उसनं म्हणजे खोटं असेल, तर ‘मोया’ही खोटी ठरेल. बँडनं गुरेत्स्कीकडून शोक घेतला, या माणसानं मेडनकडून संताप घेतला. पोटात राग मावत नव्हता आणि हाताशी तेच शब्द होते. बंदुकांची यादी तो किराणा सांगावा तशी सांगतो. त्या सपाट स्वरातच भीती आहे, मजकुरात नाही. म्हणजे तोही नादच झाला. त्याला वगळलं, तर भोवती उसळणारी तंतुवाद्यं नुसती मोठ्यानं वाजत राहतील. मुलाखत कापावी, हे मी आता म्हणणार नाही.