मुक्या प्राण्याचा दोष

घरचा कुत्रा जेवणाच्या वेळी ताटाशी भुंकतो, पाहुण्यांच्या अंगावर झेपावतो. अखेर एके दिवशी त्याला दूर नेऊन सोडले जाते. दोष कोणाचा? दोषाला इच्छास्वातंत्र्य लागते, असे संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतील नीतिशास्त्र मानते. ते कुत्र्याला नाही, मालकाला आहे.

रशियात पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला वर्तुळ दाखवल्यावर अन्न मिळे, लंबवर्तुळ दाखवल्यावर मिळत नसे. हा भेद तो उत्तम जाणे. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करीत नेले. अक्षांचे प्रमाण ९:८ झाले आणि काही आठवड्यांत तो शांत प्राणी केकाटू लागला, उपकरणे दातांनी तोडू लागला. खुणांचा अर्थच हरपला होता.

घरोघरी याहून निराळे काय घडते? वडील ताटातला तुकडा टाकतात, आई त्याच भुंकण्यासाठी काठी उगारते. नऊ वेळा नाकारून दहाव्या वेळी दिलेला तुकडा तर भुंकणे अधिकच चिवट करतो. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची ही शक्ती स्किनर यांनी उंदीर-कबुतरांवरील प्रयोगांत दाखवली. अशा लहरी मायेला दया म्हणणे मला कठीण जाते. काठीने तर भय वाढते, आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

उपाय कंटाळवाणा आहे. घरातील सर्वांचा शब्द एक, नियम एक. भुंकल्यास कोणीच काही द्यायचे नाही, गप्प बसल्यास तत्काळ कौतुक. आरंभी भुंकणे वाढते, आणि कित्येक घरे नेमकी तिथेच हरतात. दुखण्यामुळे चिडणाऱ्याला पशुवैद्याकडे न्यावे, हे वेगळे. परंतु बाकीच्यांना घराबाहेर काढण्यापूर्वी त्या घराने महिनाभर तरी एकच नियम पाळला होता काय?