मदत छोटी, निवड चोख

रत्नागिरी

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. टँपातल्या तुमच्या समुद्री मत्स्यालयवाल्यांच्या क्लबनं संशोधन आणि शिक्षणासाठी छोटी अनुदानं द्यायचं ठरवलं आणि अर्ज निवडणाऱ्या समितीवर तुला घेतलं, हे वाचून मनापासून आनंद झाला. ‘मामा, हजार-पाचशे डॉलरनं समुद्राचं काय भलं होणार?’ असं तू विचारलं आहेस. माझी सगळी नोकरी मत्स्यबीज आणि विद्यार्थी यांच्यात गेली, त्या भरवशावर सांगतो, पुष्कळ भलं होईल. अट एकच: ते पैसे वाटताना मोठ्या संस्थांची नक्कल करू नका.

आधी हा पैसा येतो कुठून ते पाहा. सभासदांची वर्गणी, सोडतीची तिकिटं, ‘फ्रॅग-स्वॅप’ म्हणजे प्रवाळाच्या देवघेवीच्या मेळाव्यात विकलेले तुकडे. क्लाउनफिशसारखे काही मासे आता हॅचरीत तयार होतात, पण घरोघरच्या समुद्री टाक्यांतल्या बहुतेक जाती आजही प्रवाळभित्तींवरून पकडूनच आणतात. तेव्हा तुमचा छंद समुद्राचं देणं लागतो. आपण कुणावर उपकार करतो आहोत असं समितीतल्या एकाच्याही मनात येऊ देऊ नकोस. देणं फेडायला बसलेला माणूस अर्जदाराशी वेगळ्या सुरात बोलतो, आणि निवडही जपून करतो.

फ्लोरिडा कीजमधल्या केन नेडिमायर यांची हकिगत समितीला जरूर सांग. हे गृहस्थ मत्स्यालयांसाठी मासे पकडायचे आणि समुद्रतळावर दगड ठेवून ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्री जीव रुजलेले दगड, पिकवायचे. त्यांच्या दगडांवर स्टॅगहॉर्न प्रवाळ आपसूक रुजलं. निसर्गातलं प्रवाळ तोडायला बंदी होती, पण हे त्यांच्याच दगडावर वाढलेलं. मुलीला ‘फोर-एच’ या युवक चळवळीसाठी प्रकल्प हवा होता. बापलेकीनं त्या प्रवाळाचे तुकडे करून ते वाढवायला घेतले. त्याच धाग्यातून पुढे २००७ मध्ये कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेनं स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न ही प्रवाळं धोक्यातल्या जातींच्या यादीत घातली होती. आता विचार कर, त्या मुलीचा अर्ज पहिल्या दिवशी तुमच्यासमोर आला असता तर? ना पदवी, ना प्रयोगशाळा, ना मोठ्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र. मोठ्या संस्थेच्या चाळणीतून असा अर्ज खाली पडतो. तो उचलून वाचण्यासाठीच तुमच्यासारखे क्लब हवेत.

पैसा कशाला द्यायचा, याबद्दल हॅचरीतली एक गोष्ट सांगतो. क्लाउनफिशची मादी फरशीच्या तुकड्यावर अंडी घालते. नर दिवसभर परांनी त्यांना वारा घालतो, मेलेलं अंडं तोंडानं उचलून टाकतो. केशरी अंड्यांत आठवडाभरात चंदेरी डोळे चमकू लागतात, आणि मग एका रात्री, दिवे मालवल्यावर, पिल्लं बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी त्यांना खायला रोटिफर हे सूक्ष्म जीव लागतात. रोटिफरना सूक्ष्म शेवाळ लागतं. शेवाळाला आणि सगळ्यांनाच हवा लागते. हवेचा पंप रात्री बंद पडला की सकाळपर्यंत महिन्याची मेहनत गेली. मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात महागडा सूक्ष्मदर्शक दिमाखात बसतो. जादा पंप, बॅटरी, गाळणीचं बारीक कापड, मिठाची पोती यांसाठी मात्र विद्यार्थ्याला पदरमोड करावी लागते. तुमचे पाचशे डॉलर तिथे लागू द्या. कशामुळे काम अडलं आहे, एवढंच अर्जदाराला विचारा. ज्याला ते नेमकं सांगता येतं, त्याचं काम खरोखर चालू आहे असं खुशाल समजा.

शाळेचा अर्ज आला तर आणखी एक प्रश्न विचारा: उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकी कोण सांभाळणार? शिक्षिकेकडे याचं उत्तर तयार असेल तर निःशंक मदत करा. नसेल तर नवी टाकी घेऊन देऊ नका. त्याऐवजी मुलांना किनाऱ्यावर नेणारी बस, भिंगं, पाणी तपासायचे संच यांना पैसे द्या. मेलेल्या माशांची टाकी मुलांना जे शिकवते, ते पुसायला फार वेळ लागतो.

आता व्यवहाराचं. विद्यापीठं अनुदानातून इमारत, वीज, कचेरी यांच्या खर्चाचा वाटा कापतात. सरकारी अनुदानांवर तिकडे अनेक विद्यापीठांत हा दर मूळ खर्चाच्या ५० टक्क्यांच्याही पुढे जातो. तुमच्या चिमूटभर रकमेतून असं काही कापलं जाणार नाही, हे विद्यापीठाकडून आधीच लेखी घ्या. रक्कम कामाआधी द्या. ‘आधी खर्च करा, मग पावत्या पाठवा’ हा नियम पैसेवाल्याला चालतो, खोलीचं भाडं भरून उरलेल्यावर जगणाऱ्या विद्यार्थ्याला चालत नाही. अर्ज दोन पानांचा ठेवा. आणि समितीतल्या कुणाच्या ओळखीचा अर्ज असेल तर त्यानं त्या चर्चेपुरतं खोलीबाहेर बसावं. छोट्या क्लबात सगळेच एकमेकांचे मित्र असतात, म्हणून हा नियम पहिल्या वर्षीच लिहून ठेवा. नंतर तो आणला तर कुणाला तरी तो आपल्यावरच रोखलेला वाटेल.

अहवाल मागा, पण यशाचा हट्ट धरू नका. यलो टँग या माशाचं उदाहरण घे. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये त्याची अंडी वर्षानुवर्षं मिळत होती, पण पिल्लं जगत नव्हती. त्यांच्या तोंडाला रोटिफर चालत नव्हते. कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवांची अगदी बारीक पिल्लं भरपूर वाढवायची युक्ती साधली, इतरही अनेक गोष्टी जुळल्या आणि २०१५ मध्ये यश आलं. पुढच्याच वर्षी तुझ्या घराजवळ, रस्किनच्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या केंद्रात ब्लू टँगही वाढवला गेला. त्यामागे मेलेल्या पिल्लांच्या किती तरी वह्या असतील. तुमच्या विद्यार्थ्याचा प्रयोग फसला तर कुठल्या दिवशी, कोणत्या तापमानाला, काय खायला घातलं असताना फसला, हे त्यानं क्लबच्या सभेत उभं राहून सांगावं. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांच्या घरी टाक्या आहेत. त्यातलाच कुणी पुढची पायरी चढेल.

याच सभासदांचे हात हे तुमचं खरं भांडवल आहे. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमच्या लोकांनी टाकीत ऋतू, सूर्योदय आणि चंद्रप्रकाश यांचा हुबेहूब क्रम उभा करून प्रवाळाला अंडी सोडायला लावण्याचं तंत्र बसवलं. ते वापरून तुझ्या शेजारच्या अपोलो बीचवर फ्लोरिडा ॲक्वेरियमनं ऑगस्ट २०१९ मध्ये पिलर कोरलकडून ते करून घेतलं. एलईडी दिवे, तापमानाचा संगणक, क्षारांचा तोल, यांतलं काय तुमच्या सभासदांना परकं आहे? २०२३ च्या उन्हाळ्यात कीजचं पाणी इतकं तापलं की समुद्रातल्या रोपवाटिकांमधलं प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावं लागलं. अशा वेळी टाकी कशी शांत ठेवायची हे ठाऊक असलेली माणसं सोन्यासारखी. म्हणून प्रत्येक चेकबरोबर एका सभासदाचं नाव आणि फोन नंबर द्या. पंप बिघडला तर विद्यार्थ्यानं कुणाला हाक मारायची, ते त्याला कळू दे.

आपल्या गावच्या शाळेलाही क्लबकडून काही मिळवून देता येईल का, असं तू लिहिलं आहेस. तुझी ओढ समजते, पण घाई करू नकोस. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या भारतीय संस्थेला परदेशी क्लबची देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेनं तो दुसरीला देणंही बंद झालं आहे. तू अजून भारतीय नागरिक आहेस. स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत रक्कम पाठवलीस तर ती या कायद्याखाली परदेशी देणगी ठरत नाही. पाठवायचं तर तसं पाठव, आणि टाकीसाठी मुळीच नको. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना इथे २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. आपल्या मुलांना टाकीची गरजही नाही. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक २०१७ पासून ओहोटीच्या वेळी सामान्य माणसांना खडकांवर नेऊन समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी दाखवत आहेत. आपला किनारा तर शाळेच्या मागच्या दारातच आहे. भिंगं, वह्या आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक एवढं मिळालं तरी वर्षभराचा वर्ग चालेल.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही दोघा-तिघांना हो म्हणाल आणि बाकीच्या सगळ्यांना नाही. त्या प्रत्येक नकाराचं पत्र तू स्वतः लिही. अर्जात काय चांगलं होतं, काय कमी पडलं आणि पुढच्या वर्षी काय घेऊन यावं, हे त्यात स्पष्ट असू दे. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त अर्ज नीट वाचलेला असावा लागतो. ज्याला असं पत्र मिळतं तो काम सोडत नाही, आणि पुढच्या वर्षीचा तुमचा उत्तम अर्ज बहुधा त्याचाच असतो.

समितीची पहिली बैठक झाली की काय ठरलं ते सविस्तर कळव. अर्जाचा मसुदा पाठवलास तर आनंदानं वाचून देईन. मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा